द्वितीय पुरुष, स्त्रीलिंग

लीड्समध्ये माझं काम दोनच गोष्टींचं:
मिल्काबाईंची व्हॅन चालवायची
आणि वाटेत त्यांची मराठी ऐकायची.
शिकायला आलो होतो कापडाचं रसायन.
मागे गिटार, ॲम्प्लिफायर,
आणि ब्रॅडफर्डहून आणलेलं पोह्यांचं पोतं, मलिद्यासाठी.

रोह्याजवळच्या अष्टमीच्या त्या. अष्टमकर.
पहिल्या रेकॉर्डवर कंपनीनं छापलं मिली ॲश्टन.
"कर कापला रे माझा," म्हणाल्या,
आणि डावा हात माझ्यासमोर नाचवला,
तारांचे घट्टे पडलेली बोटं, सगळी जागच्या जागी.

सिनेगॉगात एका म्हाताऱ्यानं विचारलं,
तुम्ही ज्यू कधी झालात?
"आमचा बैलसुद्धा शनिवारी घाणा ओढत नसे,
तुमचा घोडा काय करायचा?"
तो हसला नाही.
पण पुढच्या आठवड्यात बायकोकरवी गोड मासा धाडला.
यांनी त्यावर तिखट घातलं.

शुक्रवारी गायच्या नाहीत.
आणि क्लब तर बहुतेक शुक्रवारचेच.
"सोमवारचं करिअर आहे माझं," म्हणायच्या.
पबच्या माडीवर चाळीस खुर्च्या, सतरा माणसं,
त्यातला एक डार्ट खेळायला आलेला, चुकून.

मधल्या सीटवर एनिड, मांडीवर थर्मास.
ती शाळांचे पियानो सुरात लावायची.
बोलायची कमी. चढावर इंजिन ऐकून
सांगायची, "आज बी फ्लॅट."
दोघींचं घर एक, हे मला माहीत होतं.
बाकीचं कळलं नव्हतं.
किंवा कळून घेतलं नव्हतं; आपल्याला ते जमतं.

गाणी इंग्रजीत. सगळी कुणा 'यू'ला उद्देशून.
त्या 'यू'ला मिशी की वेणी,
इंग्रजी विचारत नाही.
पंधरा वर्षं त्या एका अक्षराच्या आडोशाला
दोघींनी संसार केला.

मग अठ्ठ्याऐंशीचा मार्च. हॅलिफॅक्स.
शाळांतून अशा माणसांविषयी बरं बोलू नये,
असा कायदा लंडनला होऊ घातलेला.
एनिडची दोन शाळांतली कामं तेवढ्यात गेली होती,
कारण कुणी सांगितलं नाही.
शेवटच्या गाण्यात, मधल्या कडव्यात, न ठरवता,
मिल्काबाई मराठीत शिरल्या:

*तू आलीस,
छत्री बाहेर ठेवलीस,
पाणी मात्र आत आलं.*

सतरा जणांना ती नुसती सुरावट.
मी मागे केबल गुंडाळत होतो,
'आलीस'मधल्या दीर्घ ईपाशी थांबलो.
शाळेत घोकून घेतलेलं:
द्वितीय पुरुष, एकवचन, स्त्रीलिंग.
म्हणायचं पुरुष. आत बाई.
केबलचा पीळ चुकला, परत पहिल्यापासून गुंडाळली.

परतताना टेकडीवर धुकं.
"ऐकलंस?"
"ऐकलं."
"मग गिअर बदल, गाडी कण्हतेय."

काय म्हणतोय तो, एनिडनं विचारलं.
"पोहे संपलेत म्हणतोय."

एनिडनं थर्मासचं झाकण फिरवलं.
"खोटं," ती म्हणाली. "तुझा सूर चढला."