नमुना एकेचाळीस

केम्निट्झ. फेब्रुवारी. तळघरातली प्रयोगशाळा.
अ‍ॅल्युमिनियमचा फेस थिजून पट्टी झालीय,
पावासारखी जाळीदार,
पाण्यात टाकली तर तरंगेल इतकी हलकी.
ती दोन दोऱ्यांवर आडवी टांगायची,
टोकाला मेणानं चिकटवायचा मसुरीएवढा संवेदक,
आणि छोट्या हातोडीनं एकच टोला.
मग हात मागे. श्वाससुद्धा.

पडद्यावर रेघ उसळते, पडते, पुन्हा उसळते,
समजूत न पटलेल्या पोरासारखी
हुंदके देत राहते कितीतरी वेळ.
मला हवीय लवकर झोपणारी रेघ.
तीन वर्षं मी एवढंच मोजते :
टोला संपल्यावर किती उरतो.

हेन्रिके ऊलिश चष्मा कपाळावर सरकवून म्हणते,
पोकळ आहे म्हणून जिरवेल, असं धरून चालू नकोस.
पोकळ वासाही घुमतोच.
भिंती धातूच्या आहेत,
धातू ऐकलेलं सोडत नाही.

संध्याकाळी फरशी पुसायला येतो डेटलेफ क्रुम्बीगल.
सदतीस वर्षं ओतशाळेत ग्राइंडर धरलेला.
थंडीत त्याची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत
खडूसारखी पांढरी पडतात,
बटण लागत नाही, किल्ली फिरत नाही.
तो पट्टीला मनगट टेकवतो
(बोटांना आता कळत नाही म्हणून)
आणि म्हणतो, अजून बोलतेय.
पडद्यावर रेघ सपाट.
मी प्रमाण वाढवते.
खरंच, बोलत असते.

छिद्राछिद्रांत सिलिकॉन भरलं.
कंप जिरला, वजन दुप्पट झालं.
मग शिसंच घ्या की, हेन्रिके म्हणाली.
कॉर्कचा भुगा मिसळला, तो भट्टीत करपला,
दोन दिवस जिन्यापर्यंत वास,
वरच्या मजल्यावरून तक्रार.
नमुना एकेचाळीस माझ्या चुकीचा :
फोन आला, भट्टीत जास्त वेळ राहिला,
घाईघाईनं गार पाण्यात बुडवला,
चर्र झालं. कचऱ्यात टाकला.
वहीत लिहिलंसुद्धा नाही.

डबा रिकामा करताना क्रुम्बीगलनं तो उचलला,
टेबलाच्या कडेवर आपटला.
ठप्प.
पुन्हा आपटला. ठप्प.
हा गप्प आहे गं, तो म्हणाला,
जणू कचऱ्यात अंगठी सापडली.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसले केसाएवढे तडे,
प्रत्येक भिंतीत, शेजारच्या भिंतीतही.
टोला आला की तड्याच्या दोन कडा
एकमेकींवर घासतात,
थरथरीची ऊब होते,
इतकी थोडी की चिमणीचा पाय शेकणार नाही.
पण निम्म्या भारातच पट्टी मोडली.
तडे गेलेलं यंत्राचं अंग कोण विकत घेईल,
हेन्रिकेनं विचारलं, आणि बराच वेळ
तुकडा हातात फिरवत राहिली.

मग मुद्दाम तडे पाडले, मोजूनमापून.
हवा ओढून घेतली, आणि तड्यांत
पातळ, रबरासारखं चिकट काही शोषू दिलं,
लोणच्याच्या फोडीत खार मुरतो तसं,
घाई न करता, रात्रभर.
वजन वाढलं चमचाभर.
ताकद परत आली, सगळी नाही.
अहवालात मी लिहिलं : सुधारणा समाधानकारक.
त्या शब्दासाठी तीन मसुदे केले.

पहिली मूठ बनली ग्राइंडरची.
क्रुम्बीगलला धरायला दिली, यंत्र चालू केलं.
त्यानं मान तिरकी केली, मनगट टेकवलं.
आता ते स्वतःशीच बोलतंय, म्हणाला.
मग विचारलं, शिकाऊ पोरांना मिळेल ना?
मी म्हटलं, दोन वर्षं लागतील, परवाने, किंमत.
हं, म्हणाला.
स्वतःच्या बोटांबद्दल त्यानं विचारलं नाही
आणि मी सांगितलं नाही.

कॉफीच्या यंत्राशी त्याच्या हातून नाणं निसटलं.
फरशीवर पडलं, उभं राहिलं, फिरत राहिलं,
वाजत वाजत आडवं होत गेलं.
आम्ही दोघं वाट पाहत उभे राहिलो.
मी मनात मोजत होते, सवयीनं.
साडेअकरा सेकंद.