पाऊण इंच

मशीनवर आधी टीव्ही होता, मग राउटर,
मग सोसायटीच्या पावत्या आणि माझा गोळ्यांचा डबा.
चोवीस वर्षं ते टेबलच होतं.
पायडलवर आम्ही चपला वाळवायचो.

वादी वाळून खारकेसारखी झालेली.
सुयांचं अख्खं पाकीट गंजलेलं;
ऐरोलीत खाडीची हवा लोखंडाला तसंही फार दिवस देत नाही.
कोपरखैरण्याहून बिराजदार आले,
तेल सोडलं, शटल काढून फुंकलं.
आतून जांभळा दोरा निघाला, वीतभर.
"हा कशाचा?"
मला आठवेना.
रात्री भाकरी थापताना आठवलं:
मृदुलाच्या लग्नातला शेवटचा ब्लाउज, मध्यरात्री हुक लावलेला,
आणि सकाळी बेलापूर रोडच्या कंपनीत
माझा पहिला दिवस.

त्यानंतर पगार होता आणि तयार कपडे होते.
एम, मग एल, मग दोन एक्स.
गळा नेहमी उजवीकडे घसरायचा.
मी दुकानांना नावं ठेवायची
आणि आतून सेफ्टी पिन लावायची.

जांभळी नाक्यावरून अडीच मीटर सुती आणलं,
चिंचोक्याच्या रंगाचं, बारीक चौकडीचं.
रात्रभर बादलीत भिजत घातलं.
क्लासातल्या शेजवलकरबाई म्हणायच्या,
आधी त्याला आटायचं ते आटू दे,
मग बोल त्याच्याशी.
जुन्या वहीत माझी मापं सापडली.
लांबच्या नात्यातल्या कुणा मुलीची असावीत तशी वाटली.

छाती, कंबर आपली आपल्याला घेता येते,
आरशासमोर, श्वास चोरून.
खांद्याला दुसरं माणूस लागतं.
हे असते तर टेप उलटा धरला असता,
पण धरला असता.
शेजारच्या ओजसला बोलावलं, नववीतल्या.
त्यानं भूमितीचा पेपर असल्यासारखा
टेप माझ्या पाठीवर टेकवला.
"काकू, सरळ उभ्या राहा."
उभीच होते.
"मग हा उजवा पाऊण इंच खाली आहे."

पाऊण इंच.
डबा, छत्री, लॅबची रजिस्टरं,
निहारचं दप्तर तो झोपला की,
संध्याकाळचे कांदे,
सगळं त्याच खांद्यावर,
कारण डावा हात
बसच्या दांडीसाठी मोकळा लागायचा.

दोन दिवस कात्री लावली नाही.
कागदावर दोन्ही खांदे सारखे काढणं सोपं होतं.
आत फोम भरून उजवा उचलता आला असता,
बाजारात जोडी मिळते.
तिसऱ्या दिवशी खडूची रेघ
उजवीकडे उतरत होती तिथवर उतरू दिली.

बेतणं हा शब्द इतकी वर्षं मी
जिवावर बेतलं, एवढ्यापुरताच ऐकत आले,
दवाखान्याच्या बाकांवर.
हे दुसरं बेतणं विसरले होते,
फरशीवर गुडघे टेकून करायचं,
तोंडात टाचण्या धरून.

नेढ्यात दोरा जाईना.
चष्मा वर, चष्मा खाली,
शेवटी सुईच दोऱ्याकडे नेली.
डावी बाही उलटी लागली. उसवली.
पुन्हा उलटीच लागली.
मला इतक्या शिव्या येतात
हे मला माहीत नव्हतं.
खिसा मात्र पहिल्या फटक्यात बसला,
पंजा मावेल एवढा खोल.

रविवारी तोच कुर्ता घालून दिवागावच्या कोळणींकडे गेले.
हात सवयीनं पिन चाचपायला गळ्याशी गेला
आणि नुसताच परत आला.
हिराबाय कोलंबीचा वाटा लावता लावता
माझ्याकडे बघत राहिली.
"बाय, बाहीला कच्चा दोरा ऱ्हायलाय तुझ्या. पांढरा."

"राहू दे," म्हटलं,
"ती अजून एकदा उसवायची आहे."
आणि सुटे पैसे काढायला
खिशात हात घातला.