करकर

तिचं नाव कापशी.
आल्याच्या आठवड्यात तिनं गिऱ्हाइकाची कापशी चप्पल खाल्ली,
डाव्या पायाची, गोंड्यासकट.
नुसत्या उजवीला कोण विचारणार,
म्हणून दोघींनाही ठेवून घेतलं.
चप्पल अजून खुंटीला आहे.
हिला पंधरावं सरत आलंय.

सुभाषनगरात माझा पाट, ऐरण, रापी, आरी.
तळाच्या दोन थरांत विंचू बसवला
की चप्पल चालताना करकर बोलते.
बापाचा हात होता त्यात, तोच माझ्यात उतरला.
मी कोपऱ्यावर वळलो की त्या करकरीवर
ही दार ओरबाडायची.
आता ऐकू येत नाही.
मी उंबऱ्यात थांबून फरशीवर टाच आपटतो, दोनदा.
हादरा तिच्या पोटापर्यंत जातो
आणि शेपटीचं टोक हलतं.
शेपूट नाही. टोक.

संक्रांतीच्या सुमारास मागचे पाय गेले.
गिऱ्हाईक कागदावर उभं राहतं, मी पेन्सिल फिरवतो.
हिला उभं करता येईना,
निजल्या जागीच पोटाखालून दोरी घातली, गाठ मारली,
ते माप.
बकऱ्याचं मऊ चामडं, दुहेरी शिवण, वर दोन मुठी.
किती दिवस टिकायला हवं,
हे मी शिवताना स्वतःला विचारलं नाही.
आता पट्टा उचलतो, आणि माझे दोन, तिचे दोन
असं एक चार पायांचं जनावर
विजेच्या खांबापर्यंत हळूहळू जातं
आणि मुतून परत येतं.

समोरची हौसाक्का कठड्यावरनं बघते.
"माणसाला कोण करत न्हाई रं एवढं."
खरं आहे.
आई मिरजेच्या दवाखान्यात होती
तेव्हा मी दोनशे जोडांची ऑर्डर पुरी करत होतो.
पोचलो तेव्हा तिची गादी झटकून झाली होती.
हे हौसाक्काला सांगितलं नाही.
पट्टा जरा वर धरला, एवढंच.

जन्मभर कातडी हाताळली.
बाभळीच्या सालीत मुरलेली, हिरड्यात भिजलेली,
बोट फिरवलं की सांगतो
पाठीची का पोटाची, म्हातारीची का तरणीची.
पण ती सगळी गप्प असतात.
हिच्या कमरेवरचा चट्टा धुताना
कापसाखाली कातडी थरथरते,
आणि माझी बोटं, चाळीस वर्षांची कसबी बोटं,
नवशिक्या पोरासारखी अडखळतात.

बेळंकर डॉक्टर म्हणाले, दूध बंद करा.
मी रात्री गंगावेशीच्या कट्ट्यावर जातो,
म्हैस समोर पिळून घेतो,
तांब्या शर्टाखाली धरून घरी आणतो.
ती नुसता फेस चाटते.
फेसाला दूध म्हणत नाहीत, असं मी ठरवलंय.

रविवारी मटण. चटणी पडायच्या आधी
शेवंता वाटीभर आळणी काढून ठेवते.
लेकरं लहान होती तेव्हा त्यांच्यासाठी काढायची,
मग काही वर्षं काढतच नव्हती.
बोट बुडवून तिच्या ओठांना लावते, पुन्हा बुडवते.
"तू नीज जा," म्हणते. "मी बसतो हिच्याजवळ."
मी जात नाही.

डॉक्टरांनी सोमवार सांगितलाय.
एकच सुई, कळणारसुद्धा नाही म्हणाले,
तुम्ही नुसतं हो म्हणा.
हो म्हणायला तोंड उघडलं
आणि किती पैसे, असं विचारून आलो.

आज ती सरकत सरकत माझ्या पायाशी आली.
कशी आली, पट्टा तर खुंटीला होता.
हनुवटी माझ्या चपलेवर ठेवली.
मी टाच जराशी उचलली, खाली केली.
उचलली, खाली केली.
करकर.
कानानं नाही, पण जबड्याच्या हाडानं
काहीतरी पोचलं असावं,
डोळे मिटले होते ते उघडले
आणि तिनं दाराकडे बघितलं,
मी येतोय का म्हणून.