बसलेला हात

ऋत्विजा मॅडमने माझी करंगळी उचलली
आणि डाव्या हाताच्या दोन बोटांमधल्या खाचेत ठेवली,
शिंप्याने बटण जागेवर ठेवून पाहावं तशी.
म्हणाली, काका, आजपासून हिचं घर इथे.

त्रेपन्न वर्षांची करंगळी.
घाटल्याच्या गल्लीत सळई वाकवून केलेल्या क्लबवर वाढलेली.
प्लास्टिकचा चेंडू बादलीत गेला की जिंकलो,
कुणाच्या काचेवर गेला की पळालो.
सळईला दहाही बोटं लागायची,
एक ढिलं पडलं तर ती हातातून निसटून
खेळणाऱ्याआधी पोचायची.
शिकवलं कुणीच नाही. हात बसला.

आता बसलेला हात उठवायचा कसा?
घसा बसला तर हळद-दूध आहे,
धंदा बसला तर मेहुणा आहे.
हाताला काय सांगू?

डॉक्टर म्हणाले, अंगठ्याचा सांधा झिजलाय,
पकड बदला, नाहीतर खेळ सोडा.
खेळ म्हणजे सोमवार.
बाकीचे सहा दिवस मी मिरचंदानी शेठच्या मागून
त्यांचे चौदा क्लब खांद्यावर घेऊन चालतो,
वारा ट्रॉम्बेकडून आहे, उतार डावीकडे आहे,
सात नंबर घ्या, असं हळू सांगतो
आणि ते सहा नंबर घेतात.
सोमवारी मेंबर नसतात.
सोमवारी गवत आमचं.

म्हणून मंगळवार ते रविवार मी छत्री धरतो.
लाटणं धरतो. बसच्या दांड्यावर
उजवी करंगळी डाव्या हातावर चढवतो,
शेजारचा माणूस सरकून उभा राहतो.
शेवंता म्हणाली, झाडू द्या इकडे,
केर काढताय की ओवाळताय?

जुना घट्टा तळहाताच्या मुळाशी होता,
चवलीएवढा, पिवळट.
तो मऊ पडत चाललाय, कडेने सोलतोय,
आणि जिथे कधी काही नव्हतं
तिथे पाण्याने भरलेला फोड.
रात्री मी दोन्हींवरून बोट फिरवतो.

पहिला सोमवार: चेंडू उजवीकडे, भिंतीपलीकडे.
मुरुगन म्हणाला, रिक्षावाल्याने पकडला.
दुसरा सोमवार: क्लब मागे नेईपर्यंत नवी पकड,
खाली येता येता जुनी.
कधी बदलली ते मलाच कळलं नाही,
जणू झोपेत कुणी कूस बदलावी.
तिसऱ्या सोमवारी मी मॅडमशी खोटं बोललो,
दुखतंय म्हणालो आणि झाडाखाली बसलो.
दुखत नव्हतं.

शेठ म्हणतात, पक्ष्याला धरल्यासारखा धर,
मरू नये, उडू नये.
शेठने पक्षी धरलेला नाही, हे मला त्यांच्या पकडीवरून कळतं.
मी धरलाय. अन्वरचाचाच्या पत्र्यावर,
अकरा वर्षांचा असताना, त्यांची चाळीस कबुतरं
मोजून आत घालायचं काम माझं.
कबूतर पंखांनी धरायचं नसतं.
पोटाखाली हात न्यायचा आणि पाय
दोन बोटांच्या मधे घ्यायचे, तर्जनी आणि मधलं,
दाबायचे नाहीत, नुसते ठेवायचे.
मग ते शांत होतं. त्याचं काळीज
आपल्या मनगटात वाजायला लागतं.

चौथ्या सोमवारी, सहाव्या टीवर,
वर दोन घारी, खतकारखान्याचा वास,
मी डावा हात ठेवला, मग उजवा,
आणि करंगळी तर्जनी आणि मधल्या बोटामधे आली.
नेमकी तिथेच.
मी तसाच उभा राहिलो.
मागून मुरुगन ओरडला, मारतोस का फोटो काढू?

मारला.
गेला उजवीकडेच, पण भिंतीच्या अलीकडे,
उंबराच्या मुळाशी दोन उड्या मारून थांबला.
मॅडमने विचारलं, आज काय केलंत वेगळं?
काही नाही, म्हटलं. पाय सापडले.
तिने माझ्या बुटांकडे पाहिलं.

घरी येताना छत्री नुसती काखेत मारली.
अंगठा ठणकत होता, थोडा.
फोड फुटला होता.