लाल नळ

मे संपता संपता अजमानला नळ उलटे होतात.
निळ्याला चटका बसेल असं पाणी,
गच्चीवरच्या टाकीत दिवसभर शिजलेलं.
म्हणून गीझर बंद ठेवायचा
आणि लाल नळ सोडायचा,
गीझरच्या पोटात राहिलेलं पाणी तेवढं गार.
मुग्धाला मीच शिकवलं:
लाल म्हणजे गार, निळा भाजतो.
ती शाळेत तसंच रंगवून आली.
बाईंनी फुली मारली.

एका फ्लॅटमध्ये तीन संसार, मध्ये प्लायवूड.
मीटर एक. बिल मुकादमभाभींच्या नावावर,
म्हणून हॉलमधल्या थर्मोस्टॅटला
पारदर्शक डबी, डबीला पितळी कुलूप.
एसी रात्री दहा ते तीन.
आकडे दिसतात, हात पोचत नाही.
दिवसभर जाता-येता माझी मान तिकडे वळते,
देवापुढून जाताना वळते तशी.
चौतीस.
पस्तीस.
पस्तीस.

दिगंबर एसीचंच काम करतो.
दुबईतल्या कुठल्या टॉवरच्या छतात आडवा होऊन
डक्ट जोडत सरकतो.
घरी येतो तो थंड पत्र्याचा वास घेऊन.
त्याला काय सांगायचं, उकडतंय म्हणून?
आई कणकवलीहून म्हणते,
"तुमचा काय बाय, सगळा एसी!"
हो ना, म्हणते मी, रात्री शाल लागते.
इतकं सराईत बोलते
की परवा बोलता बोलता
खरंच ओढणी खांद्यावर ओढून घेतली.

सुट्टीत दुपारी आम्ही दोघी सुपरमार्केटात जातो
आणि गोठवलेल्या मटारांपाशी उभ्या राहतो.
पाकीट उचलायचं, मागचं वाचायचं, ठेवायचं.
दुसरं उचलायचं.
तिथला नेपाळी पोरगा आता ओळखतो.
एक दिवस त्यानं स्टूल आणून ठेवलं
आणि आमच्याकडे न बघता निघून गेला.
परत येताना मी रस्ताभर रडले.
स्टुलामुळे.

तीनला डक्टमधला आवाज थांबतो.
मला पावणेतीनलाच जाग येते,
थांबायच्या आधी तो नीट ऐकून घ्यावा म्हणून.
मग प्लायवूडपलीकडचा खोकला,
आणि माझ्या डोक्यात बेरजा: भाडं, फी,
या महिन्यात लाईट कापली तर
पुन्हा जोडायचे किती.
बेरीज चुकते. पुन्हा पहिल्यापासून.
एकदा अशात मुग्धा झोपेत "पाणी" म्हणाली
आणि मी तिला मारलं.
उजाडेपर्यंत मोबाईलच्या उजेडात
तिच्या पाठीवरचं घामोळं मोजत बसले,
जणू तो आकडा कुठे भरायचा होता.

क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या.
झोप लागते का? भूक?
घरी कोणी हात उगारतं का?
मी म्हटलं, मीच.
त्यांनी काहीतरी लिहिलं. गोळ्या दिल्या,
थंड जागी ठेवा म्हणाल्या.
मला हसू आलं ते थांबेचना.
डबीबद्दल विचारलं असतं तर सांगितलं असतं.

काल साडेतीनला पाण्यासाठी उठले
तर स्वयंपाकघरात फ्रिजचं दार सताड उघडं
आणि समोर फरशीवर मुकादमभाभी,
पाय पसरून, केस मोकळे.
एरवी आमच्यापैकी कोणी दार जरा जास्त उघडलं
तर आतून ओरडणाऱ्या.
मला वाटलं, आता भांडेन. जिभेवर होतं.
त्या वळल्यासुद्धा नाहीत.
म्हणाल्या, "चावी उशीखाली असते ना,
टोचत राहते."

मी खाली बसले.
फ्रिज पुढून गार देतो तेव्हा
मागून त्याहून जास्त गरम सोडतो,
दिगंबरनं एकदा समजावलं होतं.
म्हणजे आम्ही बसलो होतो तेवढा वेळ
स्वयंपाकघर तापतच होतं.
फ्रिज टीं टीं करायला लागला.
भाभींच्या मनगटाला कोथिंबिरीची काडी चिकटली होती.
त्यांनी दार जरासं
माझ्या बाजूला वळवलं.