पोटखराब

उताऱ्यावर एवढंच आहे :
गट नंबर एकशे सतरा, मौजे उमरझरा, तालुका किनवट.
जिरायत एक हेक्टर चाळीस.
पोटखराब बावीस आर.
पोटखराब म्हणजे नांगर न लागणारी,
आकार न बसणारी,
सरकारनं सोडून दिलेली जागा.

मोजणी मागितली होती पाझर तलावासाठी.
मी मशीन लावलं. प्रिझमची काठी नरसिंगूच्या हातात.
पुढं सरक. सरकला.
अजून.
"साहेब, पुढं दगडं हायेत."
आतून जा की.
"आतून न्हाई जात कुनी," म्हणाला,
आणि कडेकडेनं गेला, देवळाला फिरतात तसा,
उजवा हात दगडांकडे ठेवून.

काळे. काही कमरेइतके, काही गुडघ्याइतके,
एक पळसाच्या मुळानं कलंडवलेला.
मी मोजले सव्वीस.
नरसिंगूनं अठ्ठावीस.
तिसऱ्यांदा दोघांनी मिळून मोजले
आणि कुणीच आकडा बोललं नाही.
व्यास अकरा मीटर वीस. त्यावर वाद नव्हता.

शाळेपाशी बसलेले म्हणाले, राक्षसाचं खळं.
रातोरात मळणी चालली होती, कोंबडा आरवला,
रास तशीच टाकून पळाला.
मुत्ताबाई टेकाम म्हणाली, वरात होती,
नवरीनं मागं वळून पाहिलं.
कुठून कुठं चालली होती वरात?
हसली. "तवा किनवट न्हवतं, साहेब."

ओढ्यापलीकडं असंच एक होतं.
शहरातून माणसं आली, दोन महिने ब्रशानं झाडत बसली.
नरसिंगूचा बाप तिथं रोजावर.
काय निघालं?
काळ्या तोंडाचं लाल मडकं.
गंजून भाकरीच्या पापुद्र्यासारखी झालेली कुऱ्हाड.
घोड्याच्या कपाळावर बांधायचा तांब्याचा पत्रा,
आणि त्याखाली घोडा, पुरा.
आणि माणूस?
"मानूस वंजळभर.
दात तेवढे बेस व्हते."

दुपारी वारा सुटला, पैनगंगेकडून.
जुना नकाशा पसरलेला, निजामाच्या मोजणीचा, कापडावर डकवलेला;
हा कोपरा धरावा तर तो फडफडतो.
नरसिंगूनं न विचारता चार गोटे आणले,
चार कोपऱ्यांवर ठेवले.
नकाशा निजला.
मी गोट्यांकडे बघत राहिलो.
डबा तसाच राहिला.

खाली बिराजी हटकर मेंढरं पाण्यावर घालत होता.
त्याच्या मागच्या मुक्कामाची जागा इथून दिसते :
वाघूर गुंडाळून नेलेली, पाल गेलेलं,
लेंड्यांचा काळा गोल,
आणि पालाची कड दाबायला लावलेले धोंडे, अजून तिथंच.
हे कामून सोडलेस?
"धोंडे कोन नेतंय? फुडं धोंडे असतेतच."

असंच असेल काय.
घर म्हणजे कातडं आणि बांबू, कड उडू नये म्हणून दगड.
एका सकाळी एक जण उठला नाही.
बाकीच्यांना निघायचं होतं, गवत संपलं होतं.
कातडं काढून घेतलं, ते लागणार होतं.
दगड तेवढे राहू दिले.
पुढल्या साली त्याच वाटेनं आले तेव्हा
कुणीतरी, आईच असेल,
एक लहान दगड हलवून जागी मोठा लावला.
त्याच्या पुढल्या साली आणखी मोठा, चौघांनी ढकलत.
वारा तर दर साली होताच.

मला यातलं काही कळत नाही. मी हद्दी दाखवतो.
पाण्याची रेषा पूर्वेकडून चौथ्या दगडाला लागते,
तेवढं कागदावर आलं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
मध्यबिंदू घेतला नाही.
कारण लिहायला जागा होती. लिहिलं नाही.

ऊन कललं तसं मशीन पेटीत घातलं,
नकाशा गुंडाळला.
नरसिंगू मोटारसायकल चालू करून थांबला होता.
गोटे चार, तसेच राहिले,
गवतात, चौकोनात.