सात किलो चारशे

शरणपूरच्या बेकरीवाल्यानं आधी भट्टीचं तोंड दाखवलं,
मग टर्कीकडे बोट,
आणि मान हलवली.
कांद्याच्या काट्यावर मोजली होती: सात किलो चारशे.

"बागेत चला," सिलासमामा म्हणाला.
निफाडला आज पारा चारवर येणार,
मणी तडकू नयेत म्हणून
ओळींमधून शेकोट्या लावायच्याच आहेत.

निळा ड्रम नको, त्यात मोरचूद कालवलेलं.
डिझेलचा तर नकोच.
शेवटी एस्तेरमावशीचं बाजरीचं पिंप पालथं घातलं,
ती नाताळच्या उपासनेला गेली होती म्हणून.
मंडपाची तार पिळून सळई,
जळणाला छाटणीच्या वाळक्या काड्या,
पोटात लसूण, मिरची आणि दोन संत्री,
"तिकडे घालतात तसं काहीतरी."

शिजली का बघायला मामानं खांबावरचा थर्मामीटर काढला.
त्याचे आकडे पन्नासला संपतात.
परत अडकवून ठेवला.

शेजारच्या बागेतला दौलत आपली शेकोटी सोडून आला.
"मोर आहे का?" म्हणत बसला,
तो उठलाच नाही.

दोन वाजता सुरी घातली तर हाडापाशी गुलाबी.
मग बाहेरून आत खात गेलो,
शिजेल तेवढं सोलत,
पिंप परत झाकत.
प्रार्थना राहिल्याचं आठवलं तेव्हा घास तोंडात होता;
मामानं तसेच डोळे मिटले.

पहाटे मावशी आली.
घडांवरून हात फिरवला. ठीक होते.
मग पिंप दिसलं.
"बाजरी आता तुझ्या टोपीत ठेवू?"
आणि पंखाचं उरलेलं टोक उचलून
उभ्याउभ्याच चोखू लागली.